हत्यारांचा कायदा आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून आपण बहुधा शिक्षण, विवाहातील खर्च आणि विद्यार्थ्यांचे साहाय्य या विषयांची चर्चा करीत असतो. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिलेला विषय काहीसा निराळा आहे. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे शेती करणारी. रानडुकरे, वानरे आणि गवे यांपासून पिकाचे रक्षण करण्याकरिता अनेक घरांत परवान्याची बंदूक असते. काही घरांत ती आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे. या बंदुकांसंबंधीचे कायदे जाचक आहेत, अशी तक्रार गेली काही वर्षे आपल्या सभांतून ऐकू येते. कर्नाटकातील कोडगू प्रांतीच्या लोकांस परवान्यातून सूट आहे, तशीच सूट आपल्या ज्ञातीसही मिळावी, असा ठराव आजच्या सभेपुढे आणण्याची सूचना काही तरुण बंधूंनी केली आहे. याच्या उलट, घरात बंदूकच नको, सगळ्या सरकारजमा कराव्या, असे काही भगिनींनी कळविले आहे. या दोन मतांमधून वाट कोणती, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

कायदा जाचक आहे की वाजवी आहे, हे ठरविण्यापूर्वी वाजवी म्हणजे काय, हे ठरविले पाहिजे. आमच्या अल्प मतीप्रमाणे याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, कायदा ज्या अनर्थास आळा घालू पाहतो तो अनर्थ खरा आहे काय? दुसरी, तो सर्वांस सारखा लागू आहे काय? आणि तिसरी, प्रामाणिक पण गरीब मनुष्यास तो पाळणे शक्य आहे काय? या तीन कसोट्या मनाशी धरून आपण पुढे जाऊ.

प्रथम थोडा इतिहास पाहू. कारण हत्यारांचा कायदा हे इंग्रजी राज्याचे पाप आहे, ते आपण अजून का वाहावे, असा प्रश्न आमच्या कानी पुष्कळदा आला आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने या देशातील लोकांस निःशस्त्र करण्यास आरंभ केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत हत्यारांचा सर्वव्यापी कायदा केला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. हत्यारांच्या त्या कायद्यातील खरे शल्य परवान्यात नव्हते, ते भेदभावात होते. युरोपीय माणसास परवाना लागत नसे. हिंदी माणसास मात्र स्वतःच्या घरात बंदूक ठेवण्याकरिता सरकारची मर्जी संपादन करावी लागे. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही त्याचा कठोर निषेध केला. १९३० साली त्यांनी व्हाइसरॉयांपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत आत्मसंरक्षणाकरिता बंदुकीचे परवाने मिळावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, अशी एक मागणी होती. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता.

येथे एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. गांधीजींची मागणी परवाना नको अशी नव्हती, आणि कराचीच्या ठरावातही नियम नकोत असे म्हटलेले नव्हते. परवाना सर्वांस एकाच न्यायाने मिळावा आणि तो देणारे सरकार लोकांस जबाबदार असावे, हा त्या मागण्यांचा गाभा होता. पुढे घटना समितीत १९४८ च्या डिसेंबर महिन्यात श्री. ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. आपल्या घटनेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, परंतु तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहे. अनेक जाती, अनेक धर्म आणि अनेक जुनी वैरे असलेल्या या देशात प्रत्येकाच्या हाती हत्यार दिले असता बलवान अधिक बलवान आणि दुर्बळ अधिक दुर्बळ झाला असता, असे आम्हांस वाटते. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. तो १९६२ च्या १ ऑक्टोबरपासून अमलात आला आणि लिटनसाहेबांचा कायदा रद्द झाला. तेव्हा आज आपण जो कायदा पाळतो, तो आपल्याच प्रतिनिधींनी केलेला आहे. तो चुकत असेल तर सुधारण्याचा मार्ग आपणांस मोकळा आहे. परंतु तो परक्यांचा म्हणून झिडकारण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाही.

आता हा कायदा सांगतो काय, ते पाहू. परवान्यावाचून कोणीही बंदूक अगर काडतूस बाळगू नये, हा त्याचा पाया. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस, नेमबाजीच्या शिक्षणाचा नियमबद्ध अपवाद सोडता, परवाना नाही. हिंसेच्या गुन्ह्यात ज्यास शिक्षा झाली आहे किंवा ज्याचे चित्त स्थिर नाही, अशास परवाना नाही. परंतु याच कायद्यातील दुसरी बाजू आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही, असे चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. नकार द्यावयाचा तर त्याची कारणे अधिकाऱ्याने लिहून ठेवली पाहिजेत आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर, ती अर्जदारास दिली पाहिजेत. नकाराविरुद्ध अपील करता येते. शेतकऱ्यास पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणाकरिता ठासणीची बंदूक हवी असेल, तर त्याचा विचार तेराव्या कलमात वेगळा केलेला आहे. ज्या कायद्यात गरिबाकरिता आणि शेतकऱ्याकरिता अशी कलमे आहेत, त्यास मुळात जुलमी म्हणणे न्यायाचे होणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. दरोडेखोर आणि गुंड काही परवाना काढून बंदूक बाळगीत नाहीत. आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतांश खून विनापरवाना हत्यारांनी होतात. मग अर्ज, चौकशी आणि नूतनीकरण यांचा सारा ताप प्रामाणिकासच का? हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे नव्हे काय? या आक्षेपास आमचे उत्तर असे की, परवाना आहे म्हणूनच बिनपरवाना हत्यार हा गुन्हा ठरतो. परवान्याची पद्धतच नसेल, तर गुंडाच्या कमरेचे पिस्तूल आणि शेतकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक यांत पोलिसाने फरक कसा करावा? २०१९ च्या दुरुस्तीने बिनपरवाना हत्यार बाळगणाऱ्यास किमान दोन वर्षांची कैद ठरविली आहे आणि बेकायदा हत्यारे बनविणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ही कडक कलमे गुंडाविरुद्ध उभी राहतात, ती प्रामाणिकाच्या परवान्याच्या आधारावरच.

दुसरे असे की, परवाना मिळालेला प्रत्येक मनुष्य सदैव प्रामाणिकच राहील, असेही गृहीत धरता येत नाही. आम्ही जन्मभर शिक्षकी पेशात घालविली, म्हणून परदेशातील एका शाळेचे उदाहरण येथे सांगावेसे वाटते. स्कॉटलंडमधील डनब्लेन या गावी १९९६ च्या मार्च महिन्यात एक मनुष्य प्राथमिक शाळेत शिरला आणि त्याने सोळा बालकांस व त्यांच्या शिक्षिकेस गोळ्या घालून ठार केले. त्याची हत्यारे चोरीची नव्हती, ती रीतसर परवान्याची होती. पुढे त्या देशाने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. आपल्या देशाने तशी बंदी घातलेली नाही, आणि शेतकऱ्याची गरज ध्यानी घेता घालूही नये. परंतु परवाना देताना डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांची चौकशी का लागते, याचे उत्तर त्या सोळा बालकांच्या मरणात आहे. कायद्याची पहिली कसोटी, म्हणजे अनर्थ खरा आहे काय, येथे निर्विवाद सिद्ध होते.

आता बंदूक घरात कशी ठेवावी, या प्रश्नाकडे वळू. आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार आणि दारूगोळा सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदारास द्यावी लागते आणि हत्यार हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. यावर आपल्याकडे हसण्याची प्रवृत्ती आहे. घरात भांडी नीट ठेवावयास जागा नाही, तेथे बंदुकीस कुलुपाचे कपाट कोठून आणावे, असे म्हटले जाते. आपल्या घरांतून बंदूक ठेवण्याची रीत कोणती, ती आपण सारे जाणतो. माजघराच्या किंवा पडवीच्या भिंतीवर दोन खुंट्या आणि त्यांवर आडवी टांगलेली बंदूक. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट तर याहून गंभीर. नळीत दारू ओतावयाची, चिंधीचा बोळा घालावयाचा, छर्रे टाकावयाचे, पुन्हा बोळा घालून गजाने ठासावयाचे आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवावयाची, एवढा खटाटोप असल्यामुळे रात्री डुकरे आल्यावर वेळ जाऊ नये म्हणून पुष्कळ जण ती भरूनच टांगून ठेवतात. भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करण्याचा सोपा उपाय म्हणजे बार काढणे. म्हणून एकदा भरलेली बंदूक न उडविता आठवडेच्या आठवडे तशीच राहते. मग घरात नातवंडे सुटीला येतात. मुंबई-पुण्यात वाढलेल्या त्या मुलांस खुंटीवरची बंदूक म्हणजे जत्रेतील खेळणे वाटते. ती भरलेली आहे हे त्यांस ठाऊक नसते, आणि ज्यास ठाऊक असते तो त्या वेळी शेतावर असतो.

केवळ मुलांचाच प्रश्न आहे असेही नव्हे. बांधावरून भावाभावांत वाद होतो, तेव्हा रागाचा पारा चढण्यास क्षण पुरतो. मद्यपान केलेल्या मनुष्यास आपण काय करतो याचे भान नसते. कर्जाने आणि नापिकीने खचलेल्या मनुष्याच्या मनात काळोख दाटून येतो, तोही पुष्कळदा काही घटकांपुरताच असतो. या तिन्ही प्रसंगी खुंटीवरची भरलेली बंदूक आणि कुलपातील रिकामी बंदूक यांत जीवनमरणाचे अंतर आहे. किल्ली शोधणे, कुलूप काढणे, काडतुसे दुसऱ्या जागेहून आणणे, बंदूक भरणे, यांत जी पाच-दहा मिनिटे जातात, तेवढ्यात राग निवतो, कोणी तरी मध्ये पडतो, घरातले माणूस जागे होते. कायदा कुलूप सांगतो तो या मिनिटांकरिता. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी लष्करी बंदूक असते, असे उदाहरण आपले तरुण वारंवार देतात. ते त्यांनी पुरते सांगावे. त्या देशानेही २००७ साली शिपायांच्या घरी काडतुसे ठेवू देण्याची जुनी पद्धत थांबविण्याचा निर्णय घेतला. बंदूक घरी, पण गोळी घरी नाही. यातील शहाणपण आपण घेतले पाहिजे.

ही गोष्ट खर्चाचीही नाही. भिंतीत पक्का बसविलेला लोखंडी कोंडा, साखळी आणि चांगले कुलूप यांस फार पैसा पडत नाही. दारू, टोप्या आणि काडतुसे यांची लहान पेटी दुसऱ्या खोलीत, चुलीपासून व दिव्यापासून दूर, वेगळ्या कुलपात ठेवावी. किल्ली परवानाधारकाच्याच ताब्यात असावी. देव्हाऱ्यात, फडताळात अगर उशीखाली ती टाकून ठेवू नये. आमच्या भगिनींना आमची विशेष विनंती आहे की, घरात बंदूक उघडी अगर भरलेली दिसली तर सासरा असो, दीर असो वा पती असो, त्यांस निःसंकोचपणे हटकावे. ही उद्धटपणाची गोष्ट नव्हे, घर राखण्याची गोष्ट आहे.

बंदूक एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्यासंबंधीचे नियमही असेच साधे आहेत. सार्वजनिक जागी ती झाकून, आवरणात घालून न्यावी; हाती उगारून मिरवू नये. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे परवान्यावरच लिहिलेले असते. त्याबाहेर नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी. विमानाने जावयाचे असेल तर विमान कंपनीस आधी कळवून, रिकामी करून, सामानाबरोबर द्यावी लागते. ती प्रवाशाजवळ ठेवता येत नाही. यात अडवणूक कोठे आहे? वृद्ध परवानाधारकास दुरुस्तीकरिता किंवा नूतनीकरणाकरिता स्वतः जाता येत नसेल, तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा मनुष्य बंदूक नेऊ शकतो, अशी सवलत तिसऱ्या कलमातच आहे. ती ठाऊक नसल्यामुळे कित्येक वृद्ध उगाच हाल सोसून जिल्ह्याच्या गावी जातात.

मात्र याच संदर्भात एक कटू सत्य बोलणे प्राप्त आहे. लग्नाच्या वरातीत, बारशाच्या आनंदात किंवा निवडणुकीच्या विजयात बार काढण्याची हौस आपल्या ज्ञातीतही शिरली आहे. आकाशात सोडलेली गोळी आकाशात राहत नाही, ती कोठे तरी खाली येतेच. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पिकाच्या रक्षणाकरिता दिलेल्या हत्याराने वरातीत शोभा आणणे हे कुंपणाने शेत खाण्यासारखे आहे. असे प्रकार घडतात म्हणूनच खऱ्या गरजू शेतकऱ्याच्या अर्जाकडे अधिकारी संशयाने पाहतात.

येथवर आम्ही कायद्याची बाजू मांडली. परंतु जो मनुष्य केवळ एकच बाजू मांडतो तो वकील होय. शिक्षकास दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आमची तिसरी कसोटी अशी होती की, प्रामाणिक गरिबास कायदा पाळणे शक्य असावे. या कसोटीस कायद्याची अक्षरे उतरतात, परंतु त्याची अंमलबजावणी पुष्कळदा उतरत नाही. पोलिसांनी चौकशीचा अहवाल तीस दिवसांत द्यावा, असा नियम आहे. अहवाल वेळेत न आल्यास त्याची अधिक वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कायद्याने दिली आहे. प्रत्यक्षात आपले शेतकरी बंधू महिनोन्महिने खेटे घालतात. प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी आणि एस्. टी. चे भाडे बुडते. कारणे लेखी द्यावीत असे कायदा सांगतो. टेबलामागील मनुष्य तोंडी सांगतो की, पुढच्या आठवड्यात या. भुईमूग उकरला जातो पावसाळ्यात आणि परवाना हाती येतो उन्हाळ्यात. मग त्याचा उपयोग काय?

दुसरी अडचण निवडणुकीची. आचारसंहिता लागली की सरसकट सगळ्यांनी बंदुका ठाण्यात जमा कराव्या, असा हुकूम निघण्याची प्रथा होती. निवडणुका पिकाच्या ऐन दिवसांत आल्या तर शेतकऱ्याने काय करावे? याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातील एका प्रकरणात सरसकट हुकूम योग्य नाही आणि प्रत्येक परवानाधारकाचा छाननी समितीने वेगळा विचार करावा, असे स्पष्ट केले. जो जामिनावर सुटलेला आहे, ज्याच्या नावे गुन्हे आहेत, जो पूर्वी दंग्यात सापडलेला आहे, अशांची हत्यारे जमा करून घेणे योग्यच. परंतु ज्याने जन्मात वानर हाकण्यापलीकडे बार काढला नाही, त्यास त्याच तागडीत घालणे न्याय्य नव्हे. हा निर्णय आपल्या शेतकऱ्यांनी जाणून घ्यावा आणि योग्य वेळी अर्ज करून समितीपुढे आपली बाजू मांडावी.

तिसरी गोष्ट वन्यप्राण्यांची. बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना, असा मोठा गैरसमज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरासही अधिकारी वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकास आपल्या बंदुकीची नोंद वनखात्याकडेही करावी लागते. राधानगरीसारख्या अभयारण्याच्या भोवतालच्या गावांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. बार काढून जनावरे हाकलणे निराळे आणि जनावर पाडणे निराळे. हे नियम वनरक्षणाकरिता आवश्यक आहेत, हे आम्ही मान्य करतो; परंतु महसूल, पोलीस आणि वन अशा तीन खात्यांच्या दारी एकाच शेतकऱ्यास फिरविणे आवश्यक नाही.

आता मूळ ठरावाकडे येऊ. कोडगूच्या लोकांची सूट ही खरी गोष्ट आहे. इंग्रजांनी त्यांच्या शौर्याचा आणि निष्ठेचा उल्लेख करून १८६१ साली ती दिली. तेथील कोडव समाज आणि जम्मा जमिनीचे धारक यांस ती आजही आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढविली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ साली ती वैध ठरविली. त्या समाजाविषयी आम्हांस आदर आहे. कैलपोद्द नावाच्या सणात ते शस्त्रांचे पूजन करतात, ते आपल्या खंडेनवमीची आठवण करून देणारे आहे. परंतु त्यांची ही सूट दीडशे वर्षांहून जुनी, मुदतीची आणि अटींनी बांधलेली आहे. तिच्याकडे बोट दाखवून आपण नवी सूट मागणे आम्हांस उचित वाटत नाही.

याचे कारण उघड आहे. आपण सूट मागितली की शेजारची ज्ञातीही मागणार. तिच्याही पूर्वजांनी कोठे ना कोठे तलवार गाजविलेलीच असते. मग कोणाचे पूर्वज अधिक शूर, याचा न्याय कोणी करावा? आणि ज्या ज्ञातीच्या पूर्वजांस तलवार हाती धरूच दिली नाही, तिच्या शेतकऱ्याच्या पिकात डुकरे शिरत नाहीत काय? १८७८ च्या कायद्याविरुद्ध आपल्या आजोबा-पणजोबांची तक्रार हीच होती की, जन्मावरून एकास सूट आणि दुसऱ्यास बंधन. त्याच भेदाची मागणी आज आपण करावी, हे त्यांच्या स्मृतीस शोभणारे नाही. आमची दुसरी कसोटी, म्हणजे सर्वांस सारखा न्याय, आपण सरकारास लावतो. ती स्वतःसही लावली पाहिजे.

शिवाय बंदूक ही प्रतिष्ठेची वस्तू झाली म्हणजे काय होते, तेही पाहावे. २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी सुमारे १२ लाख ७८ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. खांद्यावर बंदूक असली की घराण्याचा मान वाढतो, ही समजूत तिकडे अनेक भागांत रुजलेली आहे. आपल्या ज्ञातीचा मान मुलामुलींच्या शिक्षणाने, सचोटीने आणि सहकाराने वाढला आहे. त्यास बंदुकीचा टेकू कशास?

म्हणून आमची नम्र सूचना आहे की, सूट मागणारा ठराव मागे घ्यावा आणि त्याऐवजी दुसरा ठराव करावा. कोणत्याही ज्ञातीच्या शेतकऱ्याचा पीकसंरक्षणाचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकालात निघावा, नकाराची कारणे लेखी मिळावीत, तिन्ही खात्यांचे काम तालुक्याच्या एकाच जागी व्हावे आणि निवडणुकीच्या काळात प्रत्येकाचा वेगळा विचार व्हावा, एवढी मागणी त्यात असावी. ही मागणी घेऊन आपण गेलो तर शेजारच्या साऱ्या ज्ञाती आपल्याबरोबर येतील. सुटीची मागणी घेऊन गेलो तर आपण एकटेच जाऊ आणि रिकाम्या हाती परत येऊ.

आणि मागणीबरोबर आपणही काही पदरचे घातले पाहिजे. मंडळाने एक लहान समिती नेमून परवान्याचे अर्ज लिहून देणे, नूतनीकरणाची तारीख कळविणे आणि अपिलास साहाय्य करणे, हे काम हाती घ्यावे. परवानाधारक दिवंगत झाल्यावर त्याची बंदूक घरात तशीच पडून राहते आणि वारस नकळत गुन्हेगार ठरतात. ती जवळच्या ठाण्यात अगर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने रीतसर अर्ज करावा. परवानाधारकास सत्तर वर्षे पूर्ण झाली असतील किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याची व्यवस्था करण्याची सोयही २०१६ च्या नियमांत आहे. २०१९ पासून एका व्यक्तीस दोहोंपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत आणि वारशाने आलेली बंदूकही त्यांतच मोजली जाते, हेही विसरू नये. शेवटचे म्हणजे, ज्या लग्नात बार निघेल त्या लग्नास मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये, असा संकेत आपण पाडावा. पोलिसाच्या दंडापेक्षा आप्तांची नापसंती अधिक लागते, हा समाजाचा अनुभव आहे.

तात्पर्य, हत्यारांचा कायदा मुळात वाजवी आहे. तो माणसाचा हात आणि बंदुकीचा चाप यांमध्ये थोडा विलंब घालतो आणि त्या विलंबात जीव वाचतात. परंतु हा विलंब घरातील कुलपापाशी असावा, सरकारी कचेरीतील टेबलापाशी नसावा. कुलपाचा विलंब आपण आनंदाने स्वीकारू आणि टेबलाचा विलंब दूर करण्याकरिता सनदशीर मार्गाने झगडू. हे दोन्ही ज्याने केले, त्यास शस्त्रपूजनाच्या दिवशी आपल्या बंदुकीस फूल वाहण्याचा खरा अधिकार आहे.